टार्पलीनंतरचं नाव

हॅल्वर टॉर्गर्सन एकतीस वर्षं सेनेटमध्ये होता आणि या एकतीस वर्षांत त्याचं एकही मत चुकलं नव्हतं. मृत्यू दारात आला तर हा त्याला बाहेरच्या बाकावर बसवेल, आत जाऊन मत देईल आणि मगच त्याच्याबरोबर निघेल, असं नॉर्थ डाकोटातले लोक सांगत. जे जरा जास्त खात्रीनं सांगत ते म्हणत की हे एकदा होऊनही गेलंय. मतदान लांबलं आणि बाकावर बसून कंटाळलेला मृत्यूच उठून निघून गेला.

पहिलं मत द्यायला तो निघाला तेव्हा इमारतीखालच्या बोगद्यांत हरवला होता. त्या तळघरातल्या वाटाच अशा आहेत की दोन-तीन जुने सेनेटर अजून सापडायचे आहेत म्हणतात. हॅल्वर फिरत फिरत थेट मुदपाकखान्यात निघाला. तिथे रोज घेवड्याचं सूप शिजतं, आणि नवा माणूस दिसला की आचारी त्याला ते चाखायला लावल्याशिवाय सोडत नसे. मग त्यानंच मागच्या जिन्यानं वर नेऊन सोडलं. तेव्हा या माणसाच्या कारकिर्दीतलं पहिलं मत पडलं ते टायवर सुपाचे तीन थेंब घेऊन. त्याची बायको आर्डिस वर सज्जात बसली होती. तिला मत ऐकू आलं नाही, थेंब तेवढे दिसले.

हजारावं मत कुणाच्या लक्षातही आलं नाही. फक्त मार्लिसच्या आलं. मार्लिस म्हणजे त्याच्या कचेरीची पहिल्या दिवसापासूनची कारभारीण. उंच, किडकिडीत, वर्षातून दोनदा हसणारी. तिनं एका डोनटात मेणबत्ती खोचून ती त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "हजार झाली. सलग." तोवर त्याला पत्ताच नव्हता. पण एकदा कळलं म्हटल्यावर झालं. मार्लिसनं हिरव्या पुठ्ठ्याची वही घातली आणि प्रत्येक मताला नंबर पडायला लागला.

दोन हजार तीनशे सतराव्या मताच्या वेळी फार्गोचं विमानतळ बर्फाखाली गडप होतं. हॅल्वर गुरांच्या ट्रकमधून मिनिआपोलिसला आला, तिथून विमानानं वॉशिंग्टनला, आणि तसाच सभागृहात शिरला. त्याच्या आजूबाजूच्या रांगा दोन्ही पक्षांनी एकमतानं मोकळ्या केल्या. त्या अधिवेशनातलं ते एकमेव एकमत. चार हजाराव्या मताच्या वेळी तो दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत होता. अर्धा उपटलेला दात घेऊन तो उठला, आणि चिमटा सोडायचा की नाही हे न सुचल्यामुळे डॉक्टरही त्याच्यासोबत सभागृहाच्या दारापर्यंत चालत आला. पाच हजाराव्याला अख्खं सेनेट उभं राहिलं. दोन्ही पक्षांच्या नेत्यांनी भाषणं केली, आणि डाकोटातल्या त्याच्या गावच्या, न्यू टोटेनच्या, वेशीवर रंगीत पाटी लागली: ‘न चुकणाऱ्या सेनेटरचं गाव. लोकसंख्या ४१२.’

आणि या सगळ्या काळात एक माणूस त्याची ही सलग मतांची साखळी तोडायला टपून बसलेला होता. तो म्हणजे लुइझियानाचा लेमुएल टार्पली.

टार्पली विरुद्ध पक्षाचा. जाडजूड, उन्हाळ्यात पांढरा सूट घालणारा. एकदा वाक्य सुरू केलं की त्याच्या शेवटापर्यंत ऐकणाऱ्याची दाढी वाढायची. दोघं एकाच वर्षी निवडून आले होते. सेनेटचा कारकून नावं वर्णक्रमानं पुकारतो, आणि त्या क्रमात टार्पलीच्या लगेच पुढे टॉर्गर्सन. त्यामुळे एकतीस वर्षं, आजारपणं आणि पुरांचे दिवस सोडले तर, आधी "मिस्टर टार्पली" आणि मग "मिस्टर टॉर्गर्सन". एक हो म्हणाला की दुसरा नाही म्हणणार, हे कारकुनालाही पाठ झालेलं.

टार्पलीनं साखळी तोडायचे उपाय कमी केले नाहीत. एकदा सेनेटच्या न्हाव्याला त्यानं एवढ्या गोष्टी सांगितल्या की न्हावी हॅल्वरचा अर्धा गाल करायचा विसरला आणि बाहेरून दाराला कडी लागली. अर्ध्या दाढीचं ते मत सहा हजार तिसरं. एकदा त्यानं बोगद्यातल्या छोट्या आगगाडीच्या चालकाला फितवलं, तर हॅल्वर रुळांवरून पळत आला. संध्याकाळी दोघं टार्पलीच्याच घरी जेवायला. बुधवारी टार्पलीच्या बायकोचं, विनिफ्रेडचं, गंबो असायचं; कोळंबी, सॉसेज आणि भेंडी घातलेला तिखटजाळ रस्सा. नॉर्वेजियन वंशाचा माणूस मिठालाही मसाला समजतो, त्यामुळे हॅल्वरच्या डोळ्यांतून धारा लागायच्या आणि विनिफ्रेड त्याच्या ताटात आणखी एक डाव वाढायची. आर्डिस आणि विनिफ्रेड पत्ते खेळत. नवऱ्यांनी दिवसभर एकमेकांची सालं काढलेली असत, आणि टेबलावर त्याचा विषयही निघत नसे.

ते बुधवार केव्हा बंद झाले ते कुणालाच नीट सांगता आलं नसतं. नवे लोक यायला लागले; ते गुरुवारी दुपारी विमान पकडून आपापल्या मतदारसंघात पळायचे. दुसऱ्या पक्षाच्या माणसाबरोबर जेवताना फोटो निघाला तर पुढची निवडणूक गेलीच. टार्पलीचं वॉशिंग्टनमधलं घर विकलं गेलं, विनिफ्रेड लुइझियानाला परतली, आणि हॅल्वरच्या ओळखीच्या शंभरातले, टार्पली सोडला तर, आता सातच उरले होते.

असं करत करत दहा हजारावं मत आलं.

सलग दहा हजार. प्रतोद डेव्हलिन हा पक्षाची मतं जमवणारा चाळिशीचा, चकचकीत बुटांचा माणूस. त्यानं मुद्दाम जुळवून आणलं होतं: दहा हजारावं मत पडेल ते हॅल्वरच्याच विधेयकावर. टार्पलीच्या जिल्ह्यात नदीवर एक सरकारी फेरीबोट चाले. दिवसाला अकरा मोटारी आणि तीन गाई, असं हॅल्वर दहा वर्षं भाषणांत सांगत आला होता. गाई पोहून गेल्या तर देशाचा जास्त फायदा आहे, हेही. त्या बोटीचं अनुदान थांबवायचं ते विधेयक. मतं इतकी काठावर होती की टार्पली आणि हॅल्वर दोघं आले तर पन्नास-पन्नास. समसमान झाली की विधेयक पडतं. बरोबरी फोडायचा अधिकार उपाध्यक्षांचा, आणि ते तेव्हा नेमके परदेशात.

मतदान दुपारी दोनला. न्यू टोटेनहून अडतीस माणसं बसनं आली होती, दोन दिवस-दोन रात्री प्रवास करून. सोबत बटाट्याच्या पातळ पोळ्यांचे, लेफ्सेचे, सहा डबे.

सकाळी आठला हॅल्वर कचेरीत आला. मार्लिसनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"टाय बदला."

"काय झालं टायला?"

"त्याच्यावर मासा आहे."

"आपल्या तळ्यातला आहे मासा."

"असेल. आज तासभर टीव्हीवर दिसणार आहात, आणि मासाही."

तो टाय सोडत असतानाच फोन वाजला. मार्लिसनं उचलला, ऐकला, आणि त्याच्या हातात दिला.

"हॅल्वर, म्हाताऱ्या, अजून आहेस का?" पलीकडे टार्पली.

"तुझा आवाज ऐकेपर्यंत बरा होतो."

"अभिनंदन करायला फोन केला. आत्ताच करून टाकतो. दुपारी मी नाही."

"का? भाषण करायला देत नाहीत म्हणून रुसलास?"

टार्पली थोडा वेळ बोलला नाही. हेच पहिल्यांदा घडत होतं. मग म्हणाला, "विनिफ्रेड पडली रे. परवा, मागच्या पायरीवरून. खुब्याचं हाड. आत्ता तासाभरात ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतो हृदय अशक्त आहे, भूल जपून द्यावी लागेल. काल रात्री विमानाचं तिकीट खिशात घालून उठलो तर ती म्हणाली, लेम, तू इथे बस. अठ्ठेचाळीस वर्षांत तिनं मला कधी कुठे बस म्हणून सांगितलं नव्हतं. म्हणून बसलोय."

"बरं केलंस."

"काय करणार. खुर्ची इतकी लहान आहे की उठलो तर तीही माझ्याबरोबर उठते."

"आणि बोट?"

"बोट बुडणार. एका मताचा प्रश्न होता, ते मत इथे हॉस्पिटलच्या खुर्चीत अडकलंय. तुझ्या गाई आता पोहू देत."

हॅल्वरच्या तोंडून शब्द निघून गेले. "जोडी लावू का?"

जोडी ही सेनेटातली जुनी रीत. एकाला येणं शक्य नसेल तर विरुद्ध बाजूचा दुसरा सभागृहात हजर राहूनही आपलं मत राखून ठेवायचा. दोघंही आले असते तर जे झालं असतं तेच व्हावं; कुणाच्या आजारपणाचा, कुणाच्या घरच्या मयताचा फायदा उठवून कुणी जिंकू नये, एवढाच तिचा अर्थ. कुठल्या नियमात ती सक्तीची नव्हती, शब्दावर चालायची. मात्र जो मत राखायचा त्याच्या नावापुढे नोंदीत ‘मत दिलं नाही’ असंच लागायचं.

शब्द तर निघून गेले, आणि पुढचे दोन श्वास हॅल्वर मनातल्या मनात म्हणत राहिला, नको म्हण, लेम, नको म्हण.

"गप रे," टार्पली म्हणाला. "तुझं अख्खं गाव बसमध्ये कोंबून आणलंय म्हणे. एकतीस वर्षं तुझी ती साखळी तोडायला बघतोय मी. तुला न्हाव्याकडे कोंडलं, रुळांवरून पळवलं. आणि आता बायकोच्या खुब्यावर तोडू? त्यात काय मजा."

"ठीक आहे," हॅल्वर म्हणाला.

ठीक आहे तो जरा लवकरच म्हणाला. ते दोघांनाही ऐकू आलं. टार्पलीनं मोठेपणानं हवापाण्याचं काहीतरी विचारलं, आणि फोन ठेवला.

दहाच्या सुमाराला प्रतोद डेव्हलिन आला तो दारातूनच हसत. "कळलं का सेनेटर साहेब? टार्पली येत नाही. पन्नास-एकोणपन्नास. तुमचं दहा हजारावं मत, तुमचंच विधेयक, आणि तुमच्याच मतानं पास. मी ठरवूनसुद्धा एवढं जमलं नसतं."

"डेव्हलिन, तू कधी जोडी लावली आहेस?"

"टेनिसमध्ये?"

हॅल्वरनं त्याच्याकडे पाहिलं. पोरगा थट्टा करत नव्हता. मार्लिसनं कपाटातून नियमांचं जाड पुस्तक काढलं, धूळ झटकली, आणि पान उघडून डेव्हलिनच्या मांडीवर ठेवलं. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं.

"म्हणजे हजर असायचं, आणि मत द्यायचं नाही? मुद्दाम?" तो म्हणाला. "पण मग आपण हरू."

"हो."

"मग लोक हे करायचे कशाला?"

डेव्हलिन गेला. जाताना पुस्तक मिटून, दोन्ही हातांनी, जागेवर ठेवून गेला.

हॅल्वर खिडकीशी उभा राहिला. खाली हिरवळीवर न्यू टोटेनचे लोक हिरव्या जाकिटांत घोळक्यानं उभे होते. फोटो काढत होते, एकमेकांना इमारती दाखवत होते, बहुधा चुकीच्या. त्याला त्यांच्यासाठी आनंद व्हायला हवा होता. तो मात्र जाकिटं मोजत होता.

"मार्लिस," तो वळून न बघता म्हणाला. "सहा हजार चारशे बारा कशावर होतं?"

मार्लिसनं विचारलं नाही हाच नंबर का म्हणून. तिला माहीत होतं. त्या आठवड्यात आर्डिस फार्गोच्या हॉस्पिटलात होती, छातीतली गाठ काढायला, आणि हॅल्वर इथे होता. साखळी होती ना. तिनं हिरवी वही काढली. आता अशा अकरा वह्या झाल्या होत्या. पानं उलटली.

"दुपारची सुट्टी एकला घ्यायची की दीडला," ती म्हणाली. "दीडला असं ठरलं. चौऱ्याण्णव विरुद्ध दोन."

"आणि मी?"

"दीडच्या बाजूनं."

मार्लिसनं वही मिटली आणि उगाचच टेबलावरच्या पेन्सिली सरळ केल्या.

बाराला आर्डिस आली. निळा पोशाख, आणि हातात लेफ्सेचा डबा, कारण गावाच्या महापौरानं, गॉर्डी हाउगननं, तो तिच्या हातात कोंबला होता. वय झालं तरी तिची चाल अजून शाळेतल्या बाईंसारखी होती. खोलीत शिरली की खोली ताठ बसायची.

"खाऊन घे," ती म्हणाली. "गॉर्डीच्या बायकोनं केलीय, म्हणजे जाड असणार. चेहरा का असा?"

त्यानं विनिफ्रेडचं सांगितलं. आर्डिस खुर्चीत बसली, डबा मांडीवर.

"टार्पली तिच्यापाशी आहे?"

"आहे. तिनं बस म्हटलं, तो बसला."

"हं," आर्डिस म्हणाली. न्यू टोटेनमध्ये ‘हं’चे चौदा अर्थ आहेत आणि बाहेरच्याला त्यातला एकही कळत नाही. हॅल्वर तिथलाच होता, तरी हा पंधरावा वाटला.

"आर्डिस," तो म्हणाला. "तू का नाही म्हणालीस मला तेव्हा? फार्गोला. बस म्हणून."

"तू विमानात होतास."

"फोन होता."

तिनं डब्याचं झाकण काढलं, पोळीची घडी केली, पुन्हा उलगडली. "तिथे एक नर्स होती. मोठ्या पायांची, चांगली होती बिचारी. रोज सकाळी विचारायची, तुमचे मिस्टर कुठे आहेत. मी म्हणायचे, खाली गाडी लावायला गेलेत. तीन दिवस मी तिला हेच सांगत होते. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, बाई, त्यांना सांगा, हॉस्पिटलच्या मागे भरपूर जागा आहे."

ती हसली. आर्डिसला हे खरोखरच मजेचं वाटत होतं. त्या गोष्टीला तेरा वर्षं झाली होती; मधे केव्हातरी ते तसं वाटायला लागलं होतं. हॅल्वरला मात्र हसता येईना.

"ही गोष्ट तू मला सांगितली नव्हतीस."

"विनिफ्रेडला सांगितली होती. पोट धरून हसलो होतो दोघी. खा ना."

त्यानं खाल्ली. जाडच होती.

दोनला सभागृह भरलं. वर सज्जात हिरव्या जाकिटांच्या दोन रांगा, मधोमध आर्डिस. तिथे टाळ्या वाजवायला मनाई असते, म्हणून गॉर्डीनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं: नुसतं उभं राहायचं, आवाज नाही. दोन्ही पक्षांच्या नेत्यांच्या खिशात भाषणं होती. हॅल्वर आपल्या जागेवर बसला. पहिल्या वर्षी त्याची जागा सगळ्यात मागे दारापाशी होती, इतकी की वारा आला की कागद उडत. एकेक रांग पुढे सरकायला एकतीस वर्षं लागली होती आणि आता तो पहिल्या रांगेत होता. त्याच्या उतरत्या टेबलाच्या खणात आधीच्या मालकांची नावं कोरलेली होती. ती सगळी माणसं मेलेली होती. त्यातल्या तिघांबरोबर त्यानं घेवड्याचं सूप प्यायलं होतं.

कारकून नावं पुकारू लागला. हो, नाही, नाही, हो. हॅल्वरनं ठरवलं होतं की काय ठरवायचं ते नाव पुकारल्यावर ठरवू, आणि हे एखाद्यानं बर्फ पडल्यावर छप्पर घालायला घेण्यासारखं आहे हे त्याला कळत होतं. त्याला ते दहा हजार हवं होतं. खोटं कशाला सांगा, हवंच होतं. माणूस शेवटी कसली आठवण मागे ठेवतो? धरणांना दुसऱ्यांची नावं पडतात, कायदे पुढचे लोक बदलतात. हा एक आकडा तेवढा त्याचा एकट्याचा होता, आणि वरच्या अडतीस जणांचा.

"मिस्टर टार्पली," कारकून म्हणाला.

कुणी बोललं नाही. प्रथेप्रमाणे कारकुनानं पुन्हा पुकारलं. "मिस्टर टार्पली."

त्या शांततेत हॅल्वरची नजर पलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली. टार्पलीपेक्षा बारीक माणसासाठी केलेली असावी अशी खुर्ची. आणि त्याच्या लक्षात आलं की टार्पली आत्ता नेमका कुठे असायला हवा तिथेच आहे, आणि त्याची शिक्षा म्हणून त्याची बोट बुडवायची आहे, आणि ती बुडवणारा हात आपला आहे.

"मिस्टर टॉर्गर्सन."

हॅल्वर उभा राहिला. सज्जात हिरव्या जाकिटातला गॉर्डी घाईनं त्याच्या आधीच उभा राहिला होता; बायकोनं त्याला खाली ओढलं.

"अध्यक्ष महाराज," हॅल्वर म्हणाला, "या मतदानात माझी लुइझियानाच्या सेनेटरांशी जोडी आहे. ते हजर असते तर त्यांनी विरोधात मत दिलं असतं. मला मोकळीक असती तर मी बाजूनं दिलं असतं. म्हणून मी माझं मत राखून ठेवतो."

आणि बसला.

कारकून हातात पेन धरून त्याच्याकडे बघत राहिला. त्यानं पुन्हा पुकारलं, "मिस्टर टॉर्गर्सन," हळू आवाजात, जणू एखाद्याला झोपेतून उठवतोय. हॅल्वरनं मान हलवली. नवे सेनेटर एकमेकांकडे वळून विचारत होते, काय म्हणाला हा. जुने सात मात्र काही विचारत नव्हते. त्यातला एक, ऐंशी ओलांडलेला, विरुद्ध पक्षाचा, चष्मा काढून पुसत बसला होता आणि चष्मा काही पुसून होत नव्हता.

एकोणपन्नास-एकोणपन्नास. विधेयक पडलं.

डेव्हलिन रांगांमधून वाट काढत आला. चेहरा पांढरा. "दहा वर्षं तुम्हीच भांडताय त्या बोटीवरून."

"पुढच्या वर्षी पुन्हा आणीन," हॅल्वर म्हणाला. "टार्पली हजर असताना. तू मतं जमव."

"आणि दहा हजार?"

"ते गेलं."

नेत्यांची पंचाईत झाली. हॅल्वरच्या पक्षाच्या नेत्यानं भाषण खिशातच ठेवलं. विरुद्ध पक्षाचा नेता मात्र उभा राहिला आणि त्यानं लिहून आणलेलं सगळं भाषण वाचलं. जिथे जिथे ‘दहा हजार’ होतं तिथे थांबून ‘नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव’ म्हणत. ते अकरा ठिकाणी होतं. सातव्या ठिकाणी त्याची जीभ अशी अडखळली की सभागृह हसलं, आणि नंतरची चार ठिकाणं सगळ्यांनी त्याच्याबरोबर म्हटली.

बाहेर दगडी जिन्यावर न्यू टोटेन जमलं होतं. कुणी रागावलं नव्हतं. तिकडे राग बोलून दाखवत नाहीत. म्हणून जास्त अवघड.

"हॅल्वर," गॉर्डी हाउगन म्हणाला. "तीन गाई जातात त्या बोटीनं असं तूच सांगायचास."

"चार असतील."

"हं." हा बाराव्या अर्थाचा होता. "लोकांनी दोन रात्री बसमध्ये काढल्या."

"माहीत आहे, गॉर्डी."

"मला तुझं पटलंय असं समजू नकोस."

"नाही समजत."

गॉर्डीनं जाकिटाची चेन खाली केली, वर केली. हॅल्वरला वाटलं, आता काहीतरी समजावून सांगावं. एक वाक्य मनाशी जुळवलंही. मग आर्डिसकडे बघितलं आणि ते गिळलं. तो सगळ्यांच्या हातात हात देत खाली उतरला, अडतीसच्या अडतीस जणांच्या, प्रत्येकाला नावानं हाक मारून. दोघांनी हात जरा उशिरा पुढे केले.

पाच वाजता तो कचेरीत आला आणि त्यानं लुइझियानाचा नंबर फिरवला. टार्पली काय काय बोलेल ते त्यानं वाटेत मनातल्या मनात ऐकूनही घेतलं होतं: गाढवा, तुला कुणी सांगितलं होतं, माझ्या जिवावर साधू होतोस काय. उत्तरंही तयार होती.

फोन उचलला गेला. आवाज बारीक होता, आणि टार्पलीचा नव्हता.

"हॅलो."

"विनिफ्रेड?"

"हॅल्वर. तूच ना? तुझ्यासारखा दुसरा कुणी बोलायच्या आधी घसा साफ करत नाही."

"कशी आहेस?"

"हाडात खिळा आहे. त्या डॉक्टरनं मला तो एक्स-रेमध्ये दाखवला, आपल्या मुलीचा फोटो दाखवावा तसा. दुखत नाही. अजून." ती दम घ्यायला थांबली. "लेम झोपलाय. खुर्चीत, तोंड उघडं टाकून. सकाळपासून जागचा हलला नाही. उठवू का?"

"नको नको. झोपू दे."

"मतदानाचं काही आहे का? त्याला निरोप देते. आज काहीतरी होतं ना तुमचं, तो सारखं घड्याळ बघत होता."

हॅल्वरनं दाराकडे पाहिलं. भिंतीवरची घंटा वाजायला लागली होती, पुढच्या मतदानाची. मार्लिस दारात उभी होती, मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून, गेली तीस वर्षं उभी राहायची तशीच.

"विशेष काही नाही," तो फोनमध्ये म्हणाला. "तुझी चौकशी करायला केला होता."

"आर्डिस कशी आहे?"

"बरी आहे. तुझ्या गंबोची आठवण काढते."

"ते तिला काय जमायचं. त्याला भेंडी ताजी लागते. बाजारातली नव्हे. घरची लावायला सांग तिला. मी सांगते कशी लावायची, लिहून घेतोस का?"

घंटा वाजत होती. हॅल्वरनं पेन्सिल उचलली. मार्लिसनं घड्याळावरचं बोट काढलं, थोडा वेळ तशीच उभी राहिली, आणि बाहेरून हळूच दार ओढून घेतलं.

"बी रात्रभर भिजत घालायचं," विनिफ्रेड सांगत होती. "दोन बोटं खोल. जमीन ऊबदार झाल्याशिवाय पेरायची नाही. तुमच्याकडे मार्च संपला की होत असेल ना ऊबदार?"

नॉर्थ डाकोटात मार्च संपतो तेव्हा जमिनीवर गुडघाभर बर्फ असतो.

"होते," हॅल्वर म्हणाला, आणि लिहिलं: दोन बोटं. "पुढे सांग."